नाच्या, मित्रा आणि आनंद: मराठी करमणुकीच्या जगातील समलिंगी व तृतीयपंथी माणसे

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ हे १८६० साली कायद्यात आले, पण महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांनी ते कधी वाचले असेल. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांविषयी समाजाचे जे मत बनले, ते तमाशाच्या फडात, नाट्यगृहात, तालुक्याच्या टॉकीजमध्ये आणि नंतर घरातल्या टीव्हीसमोर बनले. कोणाला हसायचे, कोणाला भ्यायचे, कोणाची कीव करायची, हे धडे लोक करमणूक पाहता पाहता गिरवत होते. या शंभर वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अशी पात्रे करमणुकीच्या जगात नेहमीच होती, पण त्यांना घर नव्हते. आई, बहीण, जेवणाचे ताट आणि उद्याची काळजी यांच्यासकट ती जेव्हा समोर आली, तेव्हा प्रेक्षकाची नजर बदलू लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), यांचे नेसणे, दागिने आणि केशरचना यांची नक्कल प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया करत असत. पुढे १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. शालू नेसलेल्या पुरुषाकडे आदराने, कौतुकाने पाहण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला होती, हे पुढचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवायला हवे. मात्र हा आदर एका अटीवर मिळत असे: पडदा पडला की नटाने पुरुष म्हणून संसारात परतायचे. १९३० च्या दशकापासून स्त्रिया रंगमंचावर स्थिरावू लागल्या आणि संगीत नाटकातली ही परंपरा ओसरली.

तमाशात चित्र वेगळे होते. तिथला नाच्या हा बायकी चालीबोलीचा पुरुष. गण-गवळणीत, बतावणीत तो कमरेत लचकायचा, टाळ्या घ्यायचा आणि सर्वांच्या टोमण्यांचे लक्ष्य व्हायचा. तमाशा दलित आणि भटक्या जातींच्या कलावंतांनी जगवला. पांढरपेशा समाजाने तो हीन मानला. त्यामुळे संगीत नाटकात जे कला म्हणून गौरवले गेले, तेच फडात चेष्टेचा विषय झाले. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला आणि तमाशापटांची लाट आली. त्या लाटेबरोबर नाच्या फडातून पडद्यावर आला आणि ज्या घरांतून तमाशाला जाण्याची बंदी होती, त्या घरांपर्यंतही पोहोचला.

पडद्यावरचा नाच्या म्हणजे कोल्हापूरचे गणपत पाटील, हे समीकरण झाले. अनेक तमाशापटांत त्यांनी ही भूमिका इतकी जिवंत केली की त्यांच्या लकबी शाळकरी पोरांच्या तोंडी बसल्या. बायकी चालीच्या मुलाला वर्गात चिडवायला त्या लकबी आयत्याच मिळाल्या. बायको-मुले असलेल्या पाटलांनाही खासगी आयुष्यात लोकांच्या शंका आणि टोमणे सोसावे लागले. २००८ साली ते वारले. विनोदाचा कोणाला त्रास होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या एका नटाचे आयुष्य पाहावे. भूमिका करणाऱ्याची ही गत झाली, तर जी मुले खरोखरच तशी होती त्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येतो. नाच्याला कथेत स्वतःचे सुखदुःख जवळपास नसेच. तो फडाबरोबर येई आणि फडाबरोबर जाई.

तमाशापटांच्या लाटेआधीच छापील माध्यमाने एक वेगळा, धाडसी प्रयत्न करून पाहिला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमन हा त्याचा मुख्य विषय असला, तरी वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्याचा जीव होता. ज्या शंका डॉक्टरलाही विचारता येत नसत, त्या लोक कर्व्यांना पत्राने विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने, कोणालाही न हिणवता उत्तर देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीची प्रश्नोत्तरे त्यात होती. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नाविषयी लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अज्ञानातून किंवा अडचणीतून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. समलिंगी प्रवृत्तीसंबंधी त्यांनी लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखला दिला. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. पण समलिंगी माणसाविषयीचा प्रश्न हा माहितीचा आणि हक्काचा प्रश्न आहे, ही भूमिका महाराष्ट्रात इतक्या लवकर आणि इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडून मांडली गेली, ही या भूमीची खरी मिळकत आहे. तिचा समाजाला विसर पडला. २०१७ साली अजित दळवी लिखित, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ नाटकाने हे खटले पुन्हा रंगमंचावर आणले, तेव्हा अनेक प्रेक्षकांना ते प्रथमच कळले.

कर्व्यांनंतर जवळपास तीन दशके शांतता होती. ती १९८१–८२ मध्ये मोडली. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले आणि सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. महाविद्यालयात शिकणारी, पुरुषी वळणाची, बेधडक मित्रा नमाच्या प्रेमात पडते आणि ही सगळी हकिकत तिचा मित्र बापू सांगतो. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी आली ती अशी. मित्राची तगमग, तिचा अभिमान, नमाच्या धरसोडीने होणारी तिची फरफट हे सारे तेंडुलकरांनी निर्दयपणे आणि तरीही माणुसकीने लिहिले. नाटकाच्या शेवटी मित्रा आत्महत्या करते. त्या काळाच्या वास्तवाला हा शेवट धरून होता, हे खरे. पण ज्या कथांत अशा पात्राच्या वाट्याला मरणच येते, त्या पाहून घडलेला प्रेक्षक सहानुभूती शिकतो, आणि अशा आयुष्याला दुसरा शेवट असू शकतो हे मात्र शिकत नाही. कोपऱ्यात बसून नाटक पाहणाऱ्या एखाद्या मुलीने त्यातून स्वतःसाठी काय घेतले असेल, हा प्रश्न या नाटकाच्या थोरवीइतकाच खरा आहे.

१९८२ चा ‘उंबरठा’ हा जब्बार पटेलांचा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला होता आणि त्याची पटकथाही तेंडुलकरांचीच. महिलाश्रमाची अधीक्षक झालेल्या सुलभासमोर, म्हणजे स्मिता पाटीलसमोर, आश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचे प्रकरण येते. त्याकडे संस्थेची बदनामी म्हणून पाहिले जाते, तर संवेदनशील सुलभा आजार म्हणून पाहते. पुरोगामी मराठी मन त्या काळात कुठवर आले होते, हे या एका प्रसंगावरून कळते: शिक्षेपासून उपचारापर्यंत.

हिंदी चित्रपटाची पोहोच मराठी नाटकापेक्षा कितीतरी मोठी होती आणि १९९० च्या दशकात त्याने जे दाखवले ते बहुतांशी वाईट होते. १९९१ च्या ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी क्रूर तृतीयपंथी ‘महारानी’ रंगवली. फिल्मफेअरने पुढच्या वर्षी खलनायकासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला आणि त्याचे पहिले मानकरी अमरापूरकर ठरले. अभिनय जबरदस्त होता आणि म्हणूनच त्याची दहशतही टिकली. त्याच वर्षीच्या ‘मस्त कलंदर’मध्ये अनुपम खेर यांचा पिंकू हा हसण्याचा विषय होता. भीती आणि हसे यांपलीकडे जाऊ पाहणारे चित्रपटही निघाले. महेश भटांच्या ‘तमन्ना’त (१९९७) परेश रावल यांनी टाकून दिलेल्या मुलीला वाढवणारा तृतीयपंथी साकारला. अमोल पालेकरांच्या ‘दायरा’त (१९९६) निर्मल पांडे आणि सोनाली कुलकर्णी होते, परदेशी महोत्सवांत वाखाणलेला हा चित्रपट भारतीय चित्रपटगृहांपर्यंत मात्र पोहोचला नाही. मराठीत ‘मोरूची मावशी’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी साडीतल्या पुरुषाचा विनोद घरोघर नेला. त्यांतला विनोद वेषांतराचा आणि फजितीचा आहे, कोणा माणसाच्या स्वभावावरचा नाही, म्हणून त्यांना नाच्याच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल.

याच दशकात समलिंगी माणसे स्वतःविषयी स्वतः लिहू लागली. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. पण ही चळवळ बरीचशी इंग्रजीत बोलत होती. सांगलीच्या किंवा परभणीच्या मुलापर्यंत ती पोहोचण्यासाठी मराठी लेखनाची गरज होती. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी हे काम चिकाटीने केले. त्यांच्या ‘पार्टनर’सारख्या पुस्तकांनी समलिंगी मुलाच्या मनातली भीती साध्या, घरगुती मराठीत मांडली. मराठी वाचकाला शब्दकोश न उघडता हा विषय समजावून देणाऱ्यांत त्यांचे स्थान पहिल्या रांगेतले आहे.

माध्यमांची ताकद विरोधकांनाही कळत होती, हे १९९८ च्या डिसेंबरात दिसले. दीपा मेहता यांचा ‘फायर’ सेन्सॉरची परवानगी घेऊन नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला होता. एकाच घरातल्या दोन जावांची, म्हणजे शबाना आझमी आणि नंदिता दास यांची, ती प्रेमकथा. हिंदी आवृत्तीत सीता या पात्राचे नाव बदलून नीता करावे लागले होते. २ डिसेंबरला शिवसेनेच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या चित्रपटगृहांत घुसून तोडफोड केली, खेळ बंद पडले आणि चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो एकही काटछाट न होता परत आला. या गोंधळाचा परिणाम तोडफोड करणाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध झाला. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर, अग्रलेखांत आणि वाचकांच्या पत्रांत, ज्या नात्याविषयी घरात कोणी बोलत नसे, त्याची आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. निषेधासाठी स्त्रिया उघडपणे रस्त्यावर उतरल्या आणि दिल्लीत त्यांतून समलिंगी स्त्रियांच्या हक्कांसाठी संघटित मोहीम उभी राहिली. ‘फायर’ लोकांना इतका झोंबला, याचे कारणही त्याच्या घरात आहे. या दोघी कुंटणखान्यात नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात होत्या, सासूची सेवा करत होत्या, उपास करत होत्या.

गोव्यातल्या एका खऱ्या घटनेतूनही असा चित्रपट निघाला. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीची लागण असल्याचे कळल्यावर गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस बंदिस्त ठेवण्यात आले होते. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात धाव घेतली. १९९२ मध्ये डिसोझा वारले. ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ने (२००५) या घटनेपासून प्रेरणा घेऊन निखिल हा समलिंगी जलतरणपटू उभा केला. निखिलची कथा त्याची बहीण, आईवडील आणि जोडीदार सांगतात. बहिणीच्या डोळ्यांनी पाहायला लागल्यावर प्रेक्षकाला तिऱ्हाईत राहता येत नाही. मोठ्या हिंदी चित्रपटांत मात्र तेव्हा ‘कल हो ना हो’ (२००३) आणि ‘दोस्ताना’ (२००८) यांतले गैरसमजाचे विनोद चालू होते. त्यांनी विषय तरुणांच्या बोलण्यात आणला, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पुढच्या सहा महिन्यांत दोन महत्त्वाचे मराठी चित्रपट आले. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त यल्लम्माला सोडलेल्या, साडी नेसून जगावे लागणाऱ्या जोगत्याची भूमिका उपेंद्र लिमये यांनी केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव यांचा ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० रोजी आला. त्यात अतुल कुलकर्णी यांचा गुणा हा पैलवान गडी फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो आणि त्यापायी अब्रू आणि घर गमावतो. गणपत पाटलांच्या नाच्याला जे कधी मिळाले नव्हते, ते मन, भूतकाळ आणि अपमानाचे दुःख या नाच्याला मिळाले. दोन्ही चित्रपट मोठे आहेत, पण त्यांची करुणा अर्ध्या वाटेवर थांबते. ‘जोगवा’चा नायक आतून ‘पुरुष’ आहे आणि साडी फेकून मोकळा होतो. गुणाही मुळात पैलवान आहे. ‘हा खरा तसा नाही’ असे सांगून मिळवलेली सहानुभूती जो खरोखर तसा आहे त्याच्या पदरात पडत नाही.

त्याच सुमारास अलिगढमध्ये एका मराठी माणसाच्या आयुष्यात कॅमेरा घुसला. नागपूरचे डॉ. रामचंद्र सिरस अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते कवी होते आणि त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेतलेले लोक त्यांच्या घरात शिरले आणि एका पुरुषाबरोबरचा त्यांचा खासगी क्षण त्यांनी चित्रित केला. विद्यापीठाने सिरसांना निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि काही दिवसांतच ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. एका कॅमेऱ्याने हिरावलेली त्यांची प्रतिष्ठा सहा वर्षांनी दुसऱ्या कॅमेऱ्याने परत मिळवून दिली. हंसल मेहता यांच्या ‘अलिगढ’मध्ये (२०१६) मनोज वाजपेयी यांनी उभे केलेले सिरस कवितेवर बोलतात, लताबाईंची गाणी ऐकतात, एकटेपणाने कोमेजतात. समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१३ च्या निकालाने पुन्हा गुन्हा ठरले असताना हा चित्रपट आला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. मराठीच्या एका प्राध्यापकाची ही कथा मराठी पडद्याआधी हिंदीने सांगितली, ही खंत राहतेच.

घराच्या आतून पाहणारे मराठी लेखन तोवर सुरू झाले होते. चेतन दातार (मृत्यू २००८) यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री नाटकात मुलाच्या डायरीतून त्याचे समलिंगी असणे कळलेली आई बोलते. ती चिडते, स्वतःला दोष देते, घाबरते आणि हळूहळू मुलाकडे वळते. मोना आंबेगावकर यांनी नंतर त्याचे पुष्कळ प्रयोग केले. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरी आली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात राहायला आलेल्या तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. इथे समलिंगी प्रेम हा खटला किंवा आजार नाही. प्रेमभंग जसा बहिणीचा, तसाच भावाचा. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट आला, पण त्याने पुणे सोडून केरळ गाठले.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत मोठा बदल घडला तो त्या स्वतः पडद्यावर आल्यावर. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी २०११ मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात राहिल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आले. सिग्नलवर जिच्याकडे पाहून गाडीची काच वर केली जाते, अशी व्यक्ती रोज रात्री घरात बोलताना, भांडताना, हसताना लोकांनी पाहिली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची लिंगओळख मान्य केली. त्या खटल्याशी जोडलेल्या श्रीगौरी सावंत २०१७ मध्ये नीरज घायवान दिग्दर्शित ‘विक्स’च्या जाहिरातीत दत्तक मुलीची आई म्हणून दिसल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या या जाहिरातीने आई या नात्यावर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न कित्येक चर्चासत्रांपेक्षा जास्त लोकांपुढे ठेवला. त्यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही मालिका २०२३ मध्ये रवी जाधव यांनीच दिग्दर्शित केली. सावंतांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली आणि ती एखाद्या तृतीयपंथी अभिनेत्रीला का दिली नाही, हा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेप रास्त आहे.

अशा कथांचा मतावर परिणाम होतो तो ओळखीतून. ज्याच्या आयुष्यात एकही उघड समलिंगी माणूस नाही, त्याच्यासाठी पडद्यावरचे पात्र हीच पहिली ओळख असते. ती ओळख टिंगलीची असेल तर पूर्वग्रह पक्का होतो, आणि आपल्यासारख्याच काळज्या असलेल्या माणसाची असेल तर तो सैल पडतो. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत समलिंगी असणे समाजाने स्वीकारावे असे म्हणणाऱ्या भारतीयांचे प्रमाण २०१४ मध्ये १५ टक्के होते. २०१९ मध्ये ते ३७ टक्के झाले. या पाच वर्षांत ६ सप्टेंबर २०१८ चा, कलम ३७७ ची धार काढणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला. त्यामुळे सगळे श्रेय चित्रपटांना देणे चूक ठरेल. न्यायालयाने भीती कमी केली, वृत्तपत्रांनी निकाल घरी पोहोचवला आणि कथांनी त्या निकालाला चेहरा दिला.

मराठीतला ताजा आणि सर्वांत आश्वासक चेहरा रोहन परशुराम कानवडे यांच्या चित्रपटांत आहे. ‘उ उषाचा’ (२०१९) या त्यांच्या लघुपटात शेतमजुरी करणारी निरक्षर आई शिक्षिकेकडे ओढली जाते. पुढे ‘साबर बोंडं’मध्ये मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. पायात चप्पल घालायची नाही, नातेवाइकांचे लग्नाचे टुमणे संपत नाही, आणि बालपणीचा मित्र बाळ्या शेळ्या-शेतीत गुंतलेला. त्यांचे प्रेम या सगळ्याच्या मधोमध, कोणताही गाजावाजा न होता वाढते. आनंदची आई त्याला ओळखते आणि त्याच्या पाठीशी उभी राहते. इथे कोणी टिंगल करत नाही, कोणी जीव देत नाही, कोणी ‘खरा तसा नाही’ असे सिद्ध करत नाही. समलिंगी प्रेम हे शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ आहे, या समजाला ग्रामीण बोलीतल्या या कथेइतके नेमके उत्तर मराठी पडद्याने आधी दिले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये या चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतातल्या चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. आनंद आणि बाळ्या यांच्यासारख्या जोडप्यांना भारतात अजून लग्न करता येत नाही: १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपवला.